पाद्री की वकील?

तुम्ही विचारलंत म्हणून: अकबराकडे गेलेले जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) पाद्री धर्म सांगायला गेले होते, की गोव्याचे वकील म्हणून? (वकील, पेशवाईतल्या अर्थाने, म्हणजे राजदूत.)

गेले धर्म सांगायलाच. पण पदरात पडली ती वकिली.

मुळात बोलावणं अकबराचं. १५७९ साली त्याचं पत्र गोव्यात आलं: विद्वान पाद्री पाठवा, धर्मग्रंथांसह. १७ नोव्हेंबरला आक्वाविवा, मोन्सेरात आणि एन्रिकेस निघाले. तिसरा मूळचा होर्मुझचा, फारसी येणारा, म्हणून दुभाषा. दमण, सुरत, मांडू, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर करत फत्तेपूर सिक्री गाठायला साडेतीन महिने लागले. आजारी मोन्सेरात नरवरला अडकला, तो मागून पोचला. नजराणा होता अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल. अकबराने त्याचे खंड आदराने मस्तकी लावले, शहजादा मुराद मोन्सेरातकडे शिकायला दिला, पण बाप्तिस्मा काही घेतला नाही. १५८३ मध्ये आक्वाविवा परतला आणि त्याच जुलैत गोव्यातल्या कुंकळ्ळीला मारला गेला. देवळं पाडल्याने गावकरी खवळले होते. म्हणजे मोगलाईत सुखरूप राहिलेला माणूस पोर्तुगीजांच्या हद्दीत जिवाला मुकला!

खरा मुरलेला वकील म्हणजे १५९५ ला लाहोरला आलेला जेरोनिमो झेवियर. तो फारसी शिकला, दरबारी विद्वान अब्दुस सत्तारच्या मदतीने फारसीत येशूचं चरित्र लिहिलं. पण परीक्षा झाली ती अकबराने खानदेशातल्या असीरगडाला घातलेल्या वेढ्यात. अकबर म्हणाला, चौलच्या पोर्तुगीजांना लिहून तोफा मागवून द्या. झेवियरने धर्माविरुद्ध आहे म्हणून नकार दिला. खरी अडचण अशी, की गडाच्या सुलतानाशी पोर्तुगीजांचा तह होता. बादशहा इतका भडकला, की झेवियर आणि त्याच्या सोबत्यांना गोव्याला परत जायला फर्मावलं. राग ओसरेपर्यंत ते गप्प राहिले.

धर्माचं कारण राजकारणात कितपत चालतं, ते १६१३ मध्ये कळलं. पोर्तुगीजांनी सुरतेजवळ 'रहीमी' जहाज धरलं. त्यांचाच समुद्रप्रवासाचा परवाना असलेलं, आणि मालकीण जहांगीरची आई! जहांगीरने आग्रा-लाहोरची चर्चं बंद केली, पाद्र्यांचा तनखा तोडला, दमणला वेढा घातला. पकडलं होतं आरमाराने, भोगलं पाद्र्यांनी. १६१५ चा तह जुळवायला पुढे करावा लागला तो हाच झेवियर.