बाबूना, तिसरा हंगाम: बरणीतला कुबट वास

गच्चीवरच्या बाबून्याची, म्हणजे चहासाठी वाळवतात त्या कॅमोमाइलच्या फुलांची, तिसरी तोडणी वाया गेली, मंडळी. काल रात्री बरणी उघडली, तर सफरचंदाच्या वासाऐवजी पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटाचा वास आला. टॉर्च लावून पाहिलं तेव्हा चार-पाच फुलांच्या बुडाशी करडी बुरशी दिसली. बुरशी लागलेली फुलं निवडून बाकीची ठेवायची नसतात, म्हणून अकराच्या अकरा ग्रॅम टाकून दिली. आठवडाभर रोज सकाळी गच्चीवर वाकून खुडलेली फुलं होती ती. फार हळहळ वाटली.

तोडणीत चूक नव्हती. पांढऱ्या पाकळ्या आडव्या पसरलेलीच फुलं घेतली होती. पाकळ्या मागे झुकल्या की ते फूल मी झाडावरच ठेवतो, वाळताना त्याचा भुगा होतो. वाळवणही सावलीतच होतं. पहिल्या वर्षी उन्हात घातली तेव्हा फुलं तांबूस पडली आणि वास उडाला, ते तुम्हाला आठवत असेल. या वेळी पंचावर चार दिवस पसरली, पाकळ्या कुरकुरीत लागल्या आणि मी बरणी भरली.

आज सकाळी एक ताजं फूल ब्लेडने उभं कापलं आणि उलगडा झाला. पाकळी कागदाइतकी पातळ, ती दुसऱ्याच दिवशी वाळते. मधली पिवळी घुमटी मात्र शेकडो बारीक नळीफुलांची, इतकी दाट की तिच्या बुडाशी हवा पोचतच नाही. मी वाळलं की नाही हे पाकळीवरून ठरवत होतो आणि ओल घुमटीत बसून होती. बंद बरणीत तीच ओल सगळ्या फुलांत पसरली.

कापताना आणखी एक गोष्ट दिसली, तिचा आनंद मात्र अजून टिकून आहे. घुमटी आतून पोकळ आहे! जर्मन कॅमोमाइलची हीच खूण. रोमन कॅमोमाइलची घुमटी आतून भरीव असते. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातून आलेली झाडंही भरीव घुमटीची निघाली होती, ती फीव्हरफ्यू या तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या झाडाची होती. म्हणून सांगतो, बी कुठूनही घ्या, पहिलं फूल कापून पाहिल्याशिवाय चहा करू नका.

आता पाकळीवर नाही, वजनावर भरवसा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणलाय. ताजी फुलं वाळून वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर येतात, पण मी आकडा धरून थांबणार नाही. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं की बरणी, आणि बरणीतही पहिला आठवडा रोज काचेवर बाष्प धरतंय का ते बघायचं. पंचाऐवजी पीठ चाळायची मोठी चाळण विटांवर ठेवली, म्हणजे खालूनही हवा लागते. मित्राचा डिहायड्रेटर आणून पाहिला. ३५ अंशांवर लावला तरी आतला थर्मामीटर पन्नाशीपार गेला. एवढ्या उष्णतेला सुगंधी तेल टिकत नाही, तेव्हा तो परत.

लिहिता लिहिता एक सुचलं. मी कात्रीने इंचभर देठासकट तोडतो, म्हणजे ओल आणखी वाढवतो. मोठ्या शेतांवर फुलं खुडायला दातेरी फणीसारखं अवजार वापरतात. रुंद दातांच्या फणीने नुसती फुलंच ओढून पाहतो. कुकरला नळी लावून तेल काढायचा बेत मात्र रद्द. वाफेवर फुलातल्या मॅट्रिसिन या द्रव्याचं कॅमाझुलीन हे निळं द्रव्य होतं आणि तेलाला निळा रंग येतो, तो डोळ्यांनी पाहायची फार इच्छा होती. पण सुक्या फुलात तेल एखाद टक्क्याच्या आसपास. माझ्या मूठभर फुलांत थेंबही हाती लागायचा नाही.

एवढी धडपड त्या वासासाठीच. ग्रीकांनी या झाडाला ‘जमिनीवरचं सफरचंद’ म्हटलं, त्यातूनच कॅमोमाइल हे नाव आलं. स्पेनमध्ये ते मांसानिया, म्हणजे छोटं सफरचंद. आपल्याकडे ते युनानी हकिमांचं बाबूना, आणि लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने त्याचा ‘वल्लरी’ वाण काढला. पुढच्या दिवाळीनंतर तोच लावायचा विचार आहे.

पहिल्या तोडणीची बरणी शाबूत आहे. बाबा रात्री नऊला अर्धा कप घेतात. दोन चमचे फुलं, उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकण. झाकण विसरलात तर वास वाफेबरोबर जातो. फुलातलं एपिजेनिन नावाचं द्रव्य मेंदूत झोपेच्या काही गोळ्यांच्याच जागी, पण फार सौम्यपणे काम करतं, असं मानतात. झोपेवरचे अभ्यास छोटे आहेत, त्यामुळे औषध म्हणून मी कुणाला देत नाही. बाबा कप दोन्ही हातांत धरून आधी वास घेतात, तेवढ्यानेच त्यांचा आवाज खाली येतो. वहिनीला मात्र देत नाही. तिला गाजर गवताची ॲलर्जी आहे आणि बाबूना त्याच कुळातला. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारा.

चौथी तोडणी आज चाळणीवर घातली, ४३.६ ग्रॅम. उद्या सकाळी सातला पहिलं वजन.