बोरिवलीहून मोतमाऊलीपर्यंत

नोव्हेनाचे, म्हणजे मोतमाऊलीच्या सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, पहिले आठ दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पाऊस कुठल्या दिवशी होता, छत्री गाडीत कुठल्या दिवशी राहिली, काही सांगता येत नाही. माझं ऑफिस बांद्र्यातच. सहाला सुटले की हिल रोड धरायचा, सेंट पीटर्स, सेंट अँड्र्यूज ही चर्च मागे टाकत मोतमाऊलीचा, म्हणजे माउंट मेरीचा, डोंगर चढायचा, मिस्सा, रोझरीची जपमाळ, मग खाली उतरून बोरिवली गाडी. घरी पोचल्यावर भात टाकायचा. आठही दिवस असेच गेले. आठही दिवस मी एकाच ओळीवर अडले, ते मात्र आठवतं.

ती ओळ परमपित्याच्या प्रार्थनेतली. मी मूळची नगरची, प्रॉटेस्टंट घरातली. आमच्याकडे ती अशी म्हणायचे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ लग्न करून मुंबईत कॅथलिक घरात आले. इथे ऋण नाही, अपराध म्हणतात, आणि सोडायचं नसतं, क्षमा करायची असते. सत्तावीस वर्षांत जीभ वळली, पण मनात अजून ‘सोड’च येतं. शिवाय माझा दिवस जातो त्याच शब्दात. मी एका वकिलांकडे कागद टाइप करते, आणि त्यात सर्वात जास्त काय असेल तर हक्कसोडपत्रं. बहीण भावाला सोडते, काका पुतण्याला सोडतात. ‘राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता’ हे शब्द माझी बोटं न बघता टाइप करतात.

सासऱ्यांचं गावठाणात जुनं घर होतं. मागे विहीर, एक चिंच, ओटीवर क्रूस. सासूबाई आधीच गेल्या होत्या. सासरे गेले तेव्हा वारस दोनच, हे आणि आमच्या ताई, म्हणजे माझी नणंद. आम्हा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात मुलगा आणि मुलगी सारखेच, म्हणजे निम्मं ताईंचं, निम्मं ह्यांचं. आम्ही तेव्हा भाड्याच्या एका खोलीत राहत होतो आणि मुलगी दहावीला होती. त्या निम्म्यावर मी मनातल्या मनात स्वयंपाकघर बांधलं होतं, ओट्याची उंचीसुद्धा ठरवली होती. ह्यांनी आपला हिस्सा ताईंच्या नावे सोडून दिला, तोही मला न सांगता. दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर! ताई एकट्या, लग्न झालेलं नाही, आईवडिलांचं शेवटपर्यंत त्यांनीच केलं, हे सगळं मला मान्य होतं आणि आहे. मला ते समजलं सहा महिन्यांनी, दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या इंडेक्स टूच्या, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या, यादीत नवऱ्याचं नाव वाचून. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या त्या बाकावर मी किती वेळ बसले होते, कोण जाणे. ह्यांनी दिलं याचा राग नव्हता. लपवलं, त्याचा होता. अर्थात दिल्याचाही थोडा होताच, आज खोटं कशाला बोलू.

त्याला नऊ वर्षं झाली. आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी त्यांच्याशी नीट वागत राहिले, आणि दर सप्टेंबरात डोंगरावर घराच्या नवसाचं मेणाचं घर वाहत राहिले.

नोव्हेनात एका संध्याकाळी फादरांनी लूकच्या बाराव्या अध्यायावर प्रवचन केलं. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाचा वाटा मला दे. येशू विचारतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि पुढे त्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला, कोठारं मोडून मोठी बांधणाऱ्याचा, ज्याला त्याच रात्री मरण येतं. मला राग आला. कोठारवाल्याला कोठाराचं सांगा, एका खोलीत राहणाऱ्या बाईला काय सांगता? पण उतरताना पायऱ्यांवर पाय अडखळला. नऊ वर्षं मी मोतमाऊलीपुढे उभी राहून वेगळं काय मागत होते? बाई, तुझ्या मुलाला सांग, माझ्या नवऱ्याला सांगायला.

नवव्या दिवशी पॅरिशमधली चौदा माणसं घरापासून चालत निघायची होती. बोरिवली ते डोंगर, वीसेक किलोमीटर. पहाटे साडेतीनला मी दार ओढायला गेले तर हे बूट घालून उभे. म्हणाले, “मीही येतो.” बोलावलं नव्हतं. ही चाल माझी एकटीची होती आणि त्यांनी तीतही वाटा घेतला, असं वाटून मी काही न बोलता जिना उतरले.

अंधारात एस. व्ही. रोड बरा वाटतो. कांदिवली कधी गेली कळलं नाही. ‘नमो मरिये, कृपापूर्णे’ म्हणत पावलं आपोआप पडत होती. मालाडला पहिला चहा. पुढे एकाने खांद्यावरचा स्पीकर सुरू केला आणि त्या कर्कश आवाजात माझी सगळी भक्ती विरून गेली. नंतर पावसाची एक मोठी सर आली. गोरेगावला ती थांबली आणि लगेच ऊन पडलं, भाद्रपदातलं, अंगाला चिकटणारं. ओल्या सँडलचा पट्टा टाचेवर घासू लागला. हे दहा पावलं पुढे चालत होते. लग्नापासून पुढेच चालतात, मागे बघत नाहीत. जोगेश्वरीपासून मी रोझरी म्हणत नव्हते, त्यांच्या पाठीवर नजर लावून हिशेब मांडत होते. आंबोलीचं सेंट ब्लेझ आलं, लोकांनी नमस्कार केला. मी बोटं कपाळाला लावली न लावली.

पार्ल्यात मला पाऊल टेकवेना. मंडळी पुढे निघून गेली होती. फुटपाथवर एक गजरेवाली बसली होती, सत्तरीची असेल, गळ्यात तुळशीची माळ, पुढ्यात ओल्या फडक्यावर अबोली आणि मोगरा. माझ्याकडे न बघता पायाकडे बघून म्हणाली, “बस गं पोरी इथं.” स्वतःच्या खालची लाकडी पाटी तिने माझ्याकडे सरकवली आणि आपण गोणपाटावर सरली.

“कुठं निघालीस?”

“माऊलीला. बांद्र्याला.”

“माऊलीला व्हय!” तिचा चेहरा उजळला. तिची माऊली आळंदीची, हे मला ठाऊक होतं. माझी कुठली, हे तिलाही ठाऊक असणार. दोघींनी तो शब्द तसाच राहू दिला.

सँडल सोडवला तर टाचेवर रुपयाएवढा फोड, पाण्याने टच्च भरलेला, कडेने लाल. तिने फुलांवर शिंपडायच्या तांब्यातलं पाणी पायावर ओतलं आणि पदराने टिपलं. मी पाय मागे घेतला. मला लाज वाटली, म्हातारी बाई माझ्या पायाला हात लावते. तिने घोटा घट्ट धरला. हार ओवायची लांब सुई शेजारीच होती, ती बघून मी दचकले. म्हणाली, “ती नव्हं.” पदराच्या टोकाला टोचून ठेवलेली बारीक सुई काढली, शेजारच्या पानवाल्याकडून लायटर मागून तिचं टोक तापवलं, आणि गजऱ्याच्या रिळातला पांढरा दोरा एका दमात ओवला, चष्म्याशिवाय.

तेवढ्यात हे परत आले. मी मागे नाही हे कुठे तरी कळलं असावं. धापा टाकत होते. गजरेवालीने मान वर करून बघितलं. “दादा, उभं काय राहिलात? धरा पाय.” हे ओल्या फुटपाथवर मांडी घालून बसले, माझं पाऊल मांडीवर घेतलं. त्यांचा तळवा थरथरत होता, हे मला टाचेतून कळत होतं.

सुई फोडाच्या एका कडेने आत गेली, दुसऱ्या कडेने बाहेर. जराही दुखलं नाही. दोऱ्यावरून पाण्याचा थेंब ओघळला, मग दुसरा. दोऱ्याची दोन्ही टोकं तिने बोटभर ठेवून तोडली. “दोरा काढायचा न्हाई. काढला की तोंड मिटतं आन् पुन्हा भरतं. राहू दे, पाणी गळत राहील. साल तर मुळीच सोलायचं न्हाई, खालचं मांस कच्चं असतं.” वर खोबरेल लावलं. दिवे घाट चढून सासवडला आलं की पालात रात्री हेच काम चालतं, म्हणाली. मी पन्नासची नोट काढली. तिने ती हातानेच परत सारली. “वारीतल्या पायाचं पैसं घेत न्हाईत.” मग मी गजरा विकत घेतला. त्याचे मात्र तिने वीस रुपये मोजून घेतले.

तिथून पुढे हे माझ्या बरोबरीने चालले. सांताक्रूझला सेक्रेड हार्टसमोर पाणी प्यायलो. खारला रस्ता ओलांडताना, समोर बघतच म्हणाले, “तुला सांगायला हवं होतं.”

मी म्हणाले, “हो.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते.”

“म्हणून नाही विचारलं.”

आणि पाय बरा वाटत असताना मला पुन्हा इतका संताप आला, की मी सगळी लिंकिंग रोडची गर्दी कापत त्यांच्या पुढे निघून गेले. पेत्राच्या पहिल्या पत्रात नवऱ्यांना सांगितलंय, बायको कृपेच्या वतनात तुमच्याबरोबरची वारस आहे, तिला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. हा अध्याय लग्नात सगळे वाचतात, बायकांनी अधीन राहावं एवढाच. त्यापुढचं वचन कोणी वाचत नाही. अधीन राहावं तर वारसाला विचारावं लागतं ना? मग आठवलं, आई रेव्हरंड टिळकांची गोष्ट सांगायची. त्यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या, वर्षानुवर्षं दूर राहिल्या. पुढे परत गेल्या ते स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या विचाराने. लहानपणी मला वाटायचं, त्यांनी माफ केलं आणि संपलं. आता वाटतं, परत गेल्यावर रोज सकाळी पुन्हा करावं लागलं असेल. सत्तर गुणिले सात वेळा हे सात माणसांना नाही सांगितलेलं. एकाच माणसाला, एकाच गोष्टीसाठी असू शकतं.

डोंगरावर पोचायला दीड वाजला. 1904 ची ती दगडी इमारत, उन्हात तापलेली रांग, मेणबत्त्यांचा वास. मेणवालीने मला ओळखलं आणि न विचारता घर उचललं. हे म्हणाले, “आज पाय घेऊ.” मी काही बोलले नाही. त्यांनी मेणाचा पाय घेतला, आणि दोन साध्या मेणबत्त्या.

आत उभं राहायला जागा नव्हती. परमपित्याची प्रार्थना सुरू झाली. त्या ओळीला सगळं चर्च अपराध म्हणालं. मी हळू आवाजात आईची ओळ म्हटली, ऋण्यांस ऋण सोडले आहे. ‘सोडले आहे’ म्हणताना आवाज फुटला, कारण ते खरं नव्हतं. अजून नाही. पण म्हटलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना नगरची ओळ माहीत आहे, मुलीला झोपवताना मी तीच म्हणायचे.

परतीच्या गाडीत बसायला मिळालं. गजरा ओला होता, मांडीवर ठेवला. जोगेश्वरी गेल्यावर हे म्हणाले, “रविवारी ताईकडे जाऊन यायचं का? चिंच धरलीय म्हणाली.”

मी टाचेतल्या दोऱ्याकडे बघितलं. पाणी अजून गळत होतं.

“पाय बरा होऊ दे,” मी म्हटलं. “मग बघू.”