चकचकीत दुनाळी

‘रायफल एकदम नवी करून ठेवलंय, येवन किंमत सांग,’ असा वेंगुर्ल्याहून काकांचा फोन आला तेव्हाच पोटात गोळा आला. बंदुका दुरुस्त करणाऱ्याला ‘नवी करून’ हे शब्द कधीच शुभ वाटत नाहीत.

माजघरात खाटेवर पंचा अंथरून ठेवली होती. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सची दुनाळी रायफल, ४५०/४०० मापाच्या काडतुसाची. काकांच्या आजोबांची. १९७२ला वन्यजीव कायदा आला नि ती कपाटात गेली. मग परवान्याचं नूतनीकरण असलं किंवा निवडणुकीत ठाण्यात जमा करायची असली तरच बाहेर यायची. परदेशी हत्यारं आता सहज आयात होत नाहीत, म्हणून असा नग अस्सल असेल तर परवानाधारक शौकीन हात आखडत नाही.

अस्सल असेल तर.

नळ्या आरशासारख्या चमकत होत्या. मूळची काळी झिलई गंज चढवायचा, पाण्यात उकळायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा, अशी दिवसचे दिवस खपून आणलेली असते, आणि ती चमकत नाही. इथे बफच्या चाकाने नक्षीच्या कडा बोथट झाल्या होत्या, कंपनीच्या नावाची अक्षरं उथळ पडली होती. नळ्या उघडायची वरची कळ बाजूला सारली तर तिच्याखाली, चाक पोचलं नाही तिथे, नखाएवढा जुना रंग राहिला होता: निळा, तपकिरी, ढगाळ. नळ्या ज्यात बसतात तो सबंध पोलादी खटका मुळात तसा होता.

नळ्या सुट्या करून हुकापाशी बोटावर टांगल्या आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने ठोकल्या. घंटेसारखा नाद यायला हवा. आला ‘थप्प’. दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेला पांढरी पूड फुटली होती, मिठासारखी. म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात बुडवून काळं केलं होतं. एकनळीला ते चालतं. दुनाळीत नळ्या आणि पट्ट्या डाकाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेल्या असतात. ते द्रावण डाक खातं, आत अडकून बसतं, आणि आमच्या दमट हवेत आतून गंजवत राहतं. दोन्ही गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून कंपनीचा माणूस गोळी झाडून, डाक पातळ करून, नळ्यांची टोकं केसभर हलवून जुळवतो. पट्टी सुटली की ती जुळणी गेली.

तेवढ्यात दस्त्याकडे लक्ष गेलं. मागे इंचभर कापून लाल रबर बसवलेलं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, ‘काकानू, ह्यो दस्तो कोणी कापलो?’

‘तुझ्याच बापाशीन. माझो आजो बुटको, खांद्याक लागी नाय.’

वळून पाहिलं. दोन्ही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत उभ्या. बाबांचंच काम. त्यांनाही मी मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या होत्या. खरं तर किंमत त्यानेही उतरते, घेणारा फूटपट्टी लावतोच. पण ती तेव्हा वापरायची वस्तू होती, आणि लाकूड जोडता येतं. बफने गेलेलं पोलाद परत येत नाही.

काकांना म्हटलं, झाडू नका, आणि मनातल्या आकड्याच्या निम्मे मिळाले तरी समाधान माना.

‘म्हणजे गंजलेलीच बरी होती?’

‘होय.’

बराच वेळ ते नळीत स्वतःचं तोंड बघत बसले. मग म्हणाले, ‘आठ हजार घेतल्यान पॉलिशवाल्यान.’