विहिरीच्या पायऱ्या

आमच्या शेतातल्या विहिरीला सव्वीस पायऱ्या आहेत. आजी रोज सकाळी काठावर उभी राहून त्यातल्या किती उघड्या पडल्या ते मोजायची. दिवाळीला सहा, संक्रांतीला दहा-अकरा. चौदावी कोरडी झाली की हरभऱ्याला शेवटचं पाणी द्यायचं, आणि तिथून पुढे मोटर फक्त जनावरांना आणि प्यायला. त्यावर घरात कधी वाद झालेला मला आठवत नाही. पायरी सगळ्यांनाच दिसत होती.

1998 साली आमच्या रानात पहिली बोअरची गाडी आली. गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातलं. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून बांधाबांधानं फिरला, नारळ उभा राहिला तिथं चुन्याची फुली मारली. रात्री गाडी लागली. तमिळनाडूची पासिंग, पोरंही तिकडचीच, एका बाजूला त्यांचा भात शिजत होता. आधी तांबूस मुरूम निघाला, मग मांजऱ्या, म्हणजे मऊ ठिसूळ खडक, मग नुसता काळा पाषाण. अडीचशे फुटांच्या आसपास फुफाटा ओला झाला. अण्णांनी तो चिखल मुठीत घेऊन कपाळाला लावला. दोन इंची पाणी! पुढच्या हंगामात ऊस लागला. माझ्या बी.एड.ची फी त्याच उसाच्या बिलातून भरली. आज मी लातूरला शाळेत शिकवते ती त्या बोअरमुळे. म्हणून या विषयावर बोलताना दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला माझी जीभ रेटत नाही.

पण मग शेजाऱ्यांनी साडेतीनशे फूट घेतला. आमचा आटला. आम्ही चारशे घेतला. 2012 ला सहाशे चाळीस फूट गेलो आणि खालून थेंबही आला नाही, नुसती पांढुरकी पूड. सकाळी माईच्या केसांवर, तुरीच्या पानांवर, गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर ती पूड बसली होती. माई पदराने म्हशीची पाठ पुसत होती आणि कुणाशीच बोलत नव्हती. आमच्या आठ एकरांत आज सात भोकं आहेत. चालू आहे ते एकच, तेही पाऊण तास पाणी देतं आणि मग हवा ओकतं.

हे असं का होतं, ते मला फार उशिरा कळलं. आपली जमीन म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. अखंड काळ्या पाषाणात पाणी साठायला जागाच नसते. पावसाचं पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि मांजऱ्यात, म्हणजे विहीर पोचते तेवढ्यातच. ते बऱ्या पावसाळ्यात पुन्हा भरतं. त्याखाली असतं ते भेगांमधलं पाणी. थोडंसं, वर्षानुवर्षं झिरपत गेलेलं. ते एकदा उपसलं की एका मिरगात परत येत नाही. विहिरीत उतरून बघता येतं. सहा इंची भोकात काय बघणार? बोअरला पायऱ्या नसतात.

2016 चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. कृष्णेचं पाणी साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर चालून आमच्या घागरीत पडलं. त्याच दिवसांत गावाकडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. वाळलेला, पण उभा. आमचाही होता.

तीनेक वर्षांपूर्वी एका संशोधनाबद्दल वाचलं, ते डोक्यातून जात नाही. 1993 ते 2010 या काळात माणसानं जगभर जे भूजल उपसलं, ते शेवटी वाहून समुद्राला मिळालं, आणि वजनाच्या त्या हालचालीनं पृथ्वीच्या फिरण्याचा ध्रुव जवळपास 80 सेंटिमीटर सरकला. 1993 म्हटलं की आमच्याकडे किल्लारीचा भूकंपच. जमीन हलते म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण ही हालचाल माणसांच्या मोटरींनी केली. जगात सगळ्यांत जास्त भूजल उपसणारा देश आपला, अमेरिका आणि चीन मिळून उपसतात त्याहूनही जास्त. त्यात आमची दोन इंची धारही आहे. हिशोबात न दिसण्याइतकी, पण आहे.

60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींवर बंधन घालणारा कायदा राज्यात 2014 पासूनच लागू आहे. रात्री गावच्या शिवारात गाडीचा आवाज अजून येतोच.

परवा धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, गाडीवाल्याला सांगितलंय. साडेसातशे घेऊ, बघू काय होतंय." त्याचंही काही चूक म्हणवत नाही. उसाला भाव ठरलेला असतो, तुरीला कोण विचारतं? मी रविवारी गावी गेले आणि त्याला म्हटलं, आधी विहिरीवर चल.

"विहिरीत काय बघायचंय, आक्का?"

काठावर बाभळी माजल्या होत्या. विळ्यानं वाट काढत उतरलो. अर्ध्यावर पायऱ्यांवर गाळ बसलाय, दोन निखळल्यात. तो पुढे, मी मागे, आणि नकळत मी मोठ्यानं मोजायला लागले. बाविसावीवर तो थांबला, वाकला, हात खाली घातला आणि ओली बोटं मला दाखवली. मे महिना होता. आम्ही दोघं तिथंच बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "हिचा गाळ काढायला किती खर्च येईल गं?"

गाडी अजून रद्द केलेली नाही. मी रोज संध्याकाळी फोन करते.