अभ्यासक्रम एकच, विंचू कोकणातला

चार राज्यांतल्या विद्यापीठांचे एमबीबीएसचे अभ्यासक्रम ताडून तक्ता करायचं काम डीनसरांनी माझ्या गळ्यात मारलं, कारण मेडिसिनमध्ये नाही म्हणता न येणारी मी एकटीच. काम कंटाळवाणं. २०१९च्या बॅचपासून देशभर नवा क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्याचे दिल्लीहून आलेले तीन खंड सगळ्यांनी जवळपास जसेच्या तसे उतरवून घेतलेत. सर्पदंश, विंचूदंश म्हणजे मेडिसिनमधला विषय क्रमांक आयएम २०, कुठल्याही राज्यात जा. मी आपली रकान्यांत बरोबरच्या खुणा करत सुटले होते.

आमच्या वेळी एवढी एकवाक्यता नव्हती. नाशिकचं आरोग्य विद्यापीठ निघालं १९९८ साली. त्याआधी मुंबई, पुणे, नागपूर, ज्याचा त्याचा कारभार. आणि फर्स्ट एमबीबीएस नावाचं ‘पहिलं वर्ष’ चक्क दीड वर्षाचं!

तक्ता अर्धा झाला असेल, तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन आला. आंब्याच्या बागेत काम करणारा गडी, पंचविशीचा. घामाने इतका डबडबलेला की छातीवर ईसीजीचे लीड टिकेनात. तोंडाला फेस, धाप. नवा जेआर, म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टर, उत्तरेकडचा, ऑल इंडिया कोट्यातून आलेला. बाग म्हटल्यावर त्याने फवारणीच्या औषधाची विषबाधा धरली आणि तिच्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, सिरिंजमध्ये भरायला सांगितलं. म्हातारी आई दाराशी उभी राहून पुन्हा पुन्हा सांगत होती, “चिरो उचलताना हाताक कायतरी चावला.” त्याला मालवणी कुठून कळणार?

सिस्टरने मात्र सिरिंज हातातच ठेवली. आधी पेशंटच्या पावलांना हात लावला. बर्फासारखी गार. मग टॉर्चने बाहुल्या पाहिल्या. फवारणीच्या विषबाधेत त्या टाचणीच्या टोकाएवढ्या व्हायला हव्यात, इथे मोठ्या होत्या. नाडी धावत होती. “डॉक्टर, विंचू आहे,” ती म्हणाली, आणि मी पोचले तेव्हा प्रॅझोसिनची गोळी तिच्या तळहातावर तयार होती.

लाल विंचवाचं विष शरीरातली अ‍ॅड्रेनालिनची सगळी धरणं एकदम फोडतं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं, फुप्फुसांत पाणी भरतं. अशात अ‍ॅट्रोपिन दिलं असतं तर दमलेलं हृदय आणखी पळालं असतं. प्रॅझोसिन हे खरं रक्तदाबाचं औषध. ते विंचवावर वापरायचं महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं, तेही ग्रामीण दवाखान्यात काम करता करता. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी गोळी. आमच्या पेशंटची पावलं संध्याकाळी कोमट लागली, रात्री त्याने पेज मागितली.

जेआरला मी रागावले नाही. त्याला प्रॅझोसिन विचारलं तर घडाघडा म्हणून दाखवलं. इंटर्नशिपमध्ये त्याने फवारणीच्या विषबाधेच्या पेशंटांची रांग लागलेली पाहिली होती, विंचवाचा एकही नाही. त्याची लॉगबुक, म्हणजे एमबीबीएसला काय काय शिकला त्याची नोंदवही, मागवली. आयएम २० समोर सही होती, शिक्का होता. दुसरी जेआर केरळची. ती म्हणाली, “मॅम, आमच्याकडे एक चापट्या नाकाचा घोणसासारखा साप आहे, त्याच्यावर आपलं नेहमीचं अँटीव्हेनम चालत नाही.” नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीच ते बनतं, हे मी दर वर्षी शिकवते. पाचवा मी स्वतः कधी पाहिलेला नाही.

त्या रात्री तक्त्याला एक रकाना वाढवला: ‘प्रत्यक्ष पेशंट पाहिले का?’ आणि विभागातल्या प्रत्येक रेसिडेंटला धरून भरून घेतला. बरोबरच्या खुणा भराभर गळाल्या. एकाने तर हिवतापाचा पेशंट पाहिला नव्हता, दुसरीने धनुर्वात.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, ठरलेल्या नमुन्यात असा रकाना बसत नाही, परिशिष्ट म्हणून जोडा. जोडलं. ते कोणी वाचेल असं मला वाटत नाही. एक गोष्ट मात्र विभागातच ठरवता आली, त्याला कोणाची मंजुरी लागत नव्हती. नव्या जेआरचा कॅज्युअल्टीतला पहिला तास आता त्याच सिस्टर घेतात, आणि त्यात अर्धा वेळ मालवणीचा असतो.