तीन कार्डांची उधारी पतसंस्थेत वळती केली, त्याचा अनुभव

तीन क्रेडिट कार्डांवर मिळून २,४०,००० रुपये थकले होते. महिन्याला मी १२,००० च्या आसपास भरत होते, तरी आकडा जागचा हलत नव्हता. शेवटी तिन्ही स्टेटमेंटं समोर घेतली आणि मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ८,४००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १,५१२. दोन्ही मिळून ९,९१२. मी भरत असलेल्या बारा हजारांतले मुद्दलाला लागत होते फक्त २,०८८ रुपये. किराणा आणि गॅस पुन्हा कार्डावरच, त्यामुळे तेवढेही उरत नव्हते.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. आमचे हे शेती करतात, कपाशी, सोयाबीन आणि थोडी तूर. घरात नियमित पैसा येतो तो माझ्या पगाराचाच. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा नागपूरच्या ज्या खासगी दवाखान्यात न्यावं लागलं तो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नव्हता. भरती करतानाच डिपॉझिट मागितलं, ते कार्डावर भरलं. त्याआधी २०२३ च्या खरिपात पिवळ्या मोझॅकने सोयाबीन वाळलं होतं. पुढच्या वर्षी पीक बरं आलं तर ४,८९२ चा हमीभाव कागदावर राहिला, बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं. मग कृषी केंद्राचं बिल कार्डावर, दिवाळी कार्डावर. यातला कोणताही खर्च टाळता आला असता असं मला वाटत नाही.

कार्डाचं एक गणित गावाकडे फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून सांगते. बिल पूर्ण भरलं तरच ते पन्नासेक दिवस बिनव्याजी मिळतात. ‘मिनिमम ड्यू’ भरला, म्हणजे साधारण बिलाच्या ५ टक्के, तर लेट फी लागत नाही आणि वसुलीचे फोन येत नाहीत. पण उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहतं आणि नव्या खरेदीची बिनव्याजी सवलतही जाते. आज पाचशेची साखर-पत्ती घेतली की आजपासूनच व्याज. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर रोख काढल्याची फी.

तर ही सगळी उधारी एका कर्जात घ्यावी का, हा प्रश्न होता. दर बघितला तर उत्तर सरळ होतं. माझ्या पगाराच्या बँकेने १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज देऊ केलं. तीन वर्षांचा हप्ता ८,२०३ येत होता. कार्डांवर मी नुसतं व्याज आणि जीएसटी भरत होते त्याहून हा हप्ता कमी, आणि तीन वर्षांनी कर्ज शून्य! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आकडा परत विचारला.

पण बँकेतला मुलगा पाच वर्षं घ्या म्हणून मागे लागला. “मॅडम, हप्ता ५,५८४ वर येईल, तुम्हाला सोपं जाईल.” घरी येऊन मांडलं. तीन वर्षांत व्याज ५५,३०० च्या आसपास, पाच वर्षांत ९५,०००. महिन्याचे अडीच हजार वाचवायला चाळीस हजार जास्त मोजायचे. शिवाय २ टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी, म्हणजे ५,६६४ आधीच कापून हातात देणार, आणि कर्जासोबत विम्याची पॉलिसी घ्या असा आग्रह वेगळा. ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचं पत्रक देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात फी वगैरे सगळं धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. ते मागून घ्या. मी मागितल्यावर विम्याचं बोलणं आपोआप थांबलं.

एका कार्ड कंपनीने थकबाकीचे हप्ते पाडून देते म्हणून फोन केला. दर महिन्याला सव्वा टक्का, ऐकायला स्वस्त. पण कार्डाच्या व्याजावर जीएसटी लागतो, मग ते हप्त्यांचं असलं तरी. साध्या कर्जाच्या व्याजावर तो लागत नाही. वर्षाला १५ टक्के म्हणताना हातात पावणेअठरा पडतात.

ह्यांचं म्हणणं वेगळंच. “पीककर्ज उचलू अन् कार्डं भरून टाकू. बिनव्याजी हाये.”

“मंग पेरणीले काय लावाल?”

पीककर्ज तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं हे खरं. केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना दोन्ही मिळतात म्हणून. पण त्याला ३१ मार्चची अट आहे. तोवर सगळी रक्कम एकदम भरली पाहिजे, तेव्हाच सवलत. कार्डाचे अडीच लाख आम्ही मार्चमध्ये एकरकमी आणायचे कुठून? मग कोणाकडून तरी दोन दिवसांसाठी पैसे घेऊन नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायचं, आणि तो देणारा आपलं कमिशन कापणार. शेतीचं स्वस्त कर्ज शेतीलाच राहू द्यावं, यावर मी अडून बसले. दोन दिवस घरात बोलणं कमी होतं. मग हेच म्हणाले, “बरोबर हाये तुयं.”

सासूबाईंनी पाटल्या काढून समोर ठेवल्या. “माह्या घेऊन जा, पेटीतच तं पडल्या हायेत.” सोनेतारणाचा दर सगळ्यांत कमी होता, हे मान्य करायला हवं. ज्यांच्याकडे वर्षभरात एकरकमी पैसा येणार आहे, म्हणजे फंडाचा किंवा जमिनीच्या मोबदल्याचा, त्यांच्यासाठी तोच रस्ता चांगला. आम्हाला देऊ केलेलं कर्ज वर्षभराचं होतं आणि मुद्दल शेवटी एकदम. नाही जमलं तर व्याज भरून पुढे ढकलायचं आणि मुद्दल तसंच. शिवाय मामाजींना पुन्हा भरती करायची वेळ आली तर रात्री उठून न्यायला घरात तेवढंच होतं. पाटल्या परत पेटीत गेल्या.

याच काळात एका ‘सेटलमेंट’वाल्याचे फोन सुरू झाले. कार्डं भरणं बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो, आमची फी आधी द्या. त्याला कधी होकार देऊ नका. निम्म्यात मिटवलेलं खातं सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, रिपोर्टवर ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, ‘क्लोज्ड’ नाही, आणि पुढे घरासाठी किंवा पोरांच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलं की तो शब्द आडवा येतो. मला तर सगळं फेडायचंच होतं, फक्त परवडेल अशा दराने.

बँकेचं कर्ज जवळपास घेणारच होते. अडवत होती एकच गोष्ट. त्या पैशाने कार्डं भरली की ती तिन्ही पुन्हा रिकामी होणार, लिमिट पूर्ण मोकळी. आमच्या ओळखीतल्या एका गुरुजींचं हेच झालं होतं: कर्ज काढून कार्डं फेडली, दीड वर्षात कार्डं पुन्हा भरली, आणि आता कर्जाचा हप्ताही चालू. बँकेला कार्डांचं काय करणार हे विचारायची गरजच नव्हती, तिला हप्ता मिळाला की झालं.

मग जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेकडे वळले. मी तिची सभासद होतेच. दर ११ टक्के, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. कर्जाच्या ५ टक्के शेअर्समध्ये जातात, म्हणून २,५५,००० मंजूर करून घेतले तर हातात २,४२,२५० येणार. ते शेअर्सचे १२,७५० आपलेच असतात, त्यावर लाभांश मिळतो. तीन वर्षांचा हप्ता ८,३४९, पगारातूनच कपात. व्याज साडेपंचेचाळीस हजार. बँकेचं व्याज आणि फी मिळून एकसष्ट हजार होत होते.

अडचण एवढीच की दोन जामीनदार लागतात, तेही पगारदार सभासद. म्हणजे चारचौघांना सांगावं लागणार. माझ्या ओळखीतल्या किती तरी नोकरदार बाया फक्त याच कारणासाठी महागाचं कर्ज घेतात. मलाही बँकेचं मोबाइलवर होणारं कर्ज त्यामुळेच बरं वाटत होतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषधनिर्माण अधिकारी ताईंनी लगेच सही दिली. दुसरे आमचे जुने आरोग्यसेवक भाऊ. लसीकरणाचा दिवस होता. उरलेल्या लशी परत लशींच्या फ्रिजमध्ये ठेवून, टॅली शीट लिहून झाल्यावर मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचत गेले. सहकार कायद्याच्या कलम ४९ वर बोट थांबलं.

“म्हंजे तू नाई भरलं तं माह्या पगारातून कटते.”

“हो भाऊ.”

“कार्डं हायेत का जवळ? आन इकडं.”

पर्समधून काढून टेबलावर ठेवली. त्यांनी तिन्ही उलटसुलट करून पाहिली.

“पैसे भरल्यावर हे तशेच राहतीन नं? मंग तू पतसंस्थेचंही भरशीन अन् कार्डायचंही.” थोडा वेळ गप्प बसले. “दोन बंद कर. तिसऱ्याची लिमिट माह्या समोर कमी कर. मंग सही.”

मला राग आला नाही. बँकेने जे विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, कारण त्यांचा पगार त्यात अडकत होता. मी तिथेच ॲपमध्ये जाऊन सर्वांत जुन्या कार्डाची लिमिट २५,००० करायचा अर्ज टाकला आणि त्यांना दाखवला. जुनं कार्ड ठेवायचं कारण दोन: खातं जुनं असेल तर सिबिलला बरं असतं, आणि दवाखान्यात डिपॉझिटला काहीतरी हाताशी हवं. भाऊंना ते पटलं. मग सही झाली.

पुढचं काम कटकटीचं आहे, ते नीट करा. स्टेटमेंटवरची रक्कम भरली म्हणजे कार्ड शून्य झालं असं नाही. स्टेटमेंटच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. मला तिन्ही कार्डांवर मिळून पाच हजारांच्या आसपास आलं, ते पगारातून दिलं. म्हणून आधी फोन करून आजच्या तारखेला खातं पूर्ण मिटवायला किती लागतील ते विचारा. कार्डावरून परस्पर कटणारा विम्याचा हप्ता आणि रिचार्ज आधी बँक खात्यावर घ्या.

बंद करायचा अर्ज लेखी द्या, ईमेल किंवा ॲपमधून, म्हणजे तारीख राहते. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर कंपनीने दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. एका कंपनीची बाई फोनवर सारखी म्हणे, ठेवा ना, वार्षिक फी माफ करते, वापरू नका फक्त. मी नियम सांगितला आणि अर्जाची तारीख सांगितली, दोन दिवसांत मेसेज आला. दाद लागलीच नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा १४४४८ हा फोन आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. दोन्ही कार्डांचे नो-ड्यू दाखले मी प्रिंट काढून फाइलला लावले.

सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. काही महिन्यांनी काढला तर एक बंद कार्ड अजून चालू दिसत होतं. तिथेच ऑनलाइन तक्रार टाकून दाखला जोडला, दुरुस्त झालं.

आता पगारपत्रकावर ८,३४९ ची कपात दिसते आणि दर महिन्याला मुद्दल खरंच उतरतं. ठेवलेल्या कार्डावर फक्त स्कूटीचं पेट्रोल, आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप कटेल अशी सोय केली आहे. यंदा बियाणं आणि खत पीककर्जातून घेतलं. मार्चच्या आत ते परत करण्यासाठी कापूस निघाला की पहिल्या वेच्याचे पैसे बाजूला टाकायचे, हे ह्यांनीच ठरवलं. पतसंस्थेचा लाभांश आला की तो कर्जात भरायचा की मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाला ठेवायचा, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी भरायच्या बाजूने आहे.