शाकुंतलाचं विश्लेषण: हरीण, भुंगा, अंगठी आणि चार वाचनं

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'वर लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत 'प्रेम, विरह, पुनर्मीलन' हे शब्द येऊन बसतात. ते खोटे नाहीत, पण त्यांच्या जोरावर दुसरा परिच्छेद लिहिता येत नाही, कारण हेच शब्द कितीतरी नाटकांना चालतात. म्हणून मी आशयसूत्र शेवटी ठेवलं. आधी नाटकातल्या वस्तूंचा माग काढला, मग माणसांचा, आणि त्यातून काय हाती लागतं ते पाहिलं. या कामाला पूर्ण नाटकाची चार वाचनं लागली. त्यातलं एकही वाचवता येईल असं मला वाटत नाही.

सुरुवात संहितेपासून. या नाटकाच्या एकाहून अधिक पाठपरंपरा आहेत. देवनागरी पाठ आणि बंगाली पाठ यांत तिसऱ्या अंकाची लांबी वेगळी आहे. सहाव्या अंकात अदृश्य राहून राजाला पाहणारी अप्सरा देवनागरी पाठात सानुमती आहे, बंगाली पाठात मिश्रकेशी. दोन पुस्तकं शेजारी ठेवून टिपणं काढली आणि हे माहीत नसलं, तर आपण दोन वेगळ्या पात्रांबद्दल लिहून मोकळे होतो. एक पाठ निवडायचा, तो पहिल्या पानावर लिहून ठेवायचा आणि प्रत्येक नोंदीपुढे पानाचा नव्हे, अंकाचा आणि श्लोकाचा क्रमांक घालायचा. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, आणि दोन महिन्यांनी आपलीच नोंद आपल्याला सापडत नाही. संस्कृत सहज वाचता येत नसेल तर एका भाषांतरावर विसंबू नये. दोन घ्यावीत. दोघांचं जिथे पटत नाही तिथे मूळ शब्द पाहावा. बहुतेक वेळा महत्त्वाची जागा तीच असते.

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय, शक्यतो एका बैठकीत. सातही अंक संपल्यावर पुस्तक मिटून एका कागदावर जे आठवतं ते लिहायचं. माझ्या कागदावर दुर्वासाचा शाप (ज्यामुळे राजा दुष्यंत शकुंतलेला विसरतो), ती आठवण परत आणणारी अंगठी, ती सापडलेला कोळी, शकुंतलेचे पालक पिता कण्व यांचा निरोप आणि सिंहाचे दात मोजणारा तिचा मुलगा होता. हरीण नव्हतं. पुढे हरणानेच सर्वांत जास्त दिलं, म्हणून हा कागद जपून ठेवावा. आपल्या नजरेतून काय निसटलं ते त्यावरूनच कळतं.

दुसरं वाचन प्रतिमांसाठी. प्रत्येक वस्तूला एक कार्ड, आणि कार्डावर चार रकाने: कोणता अंक, कोण कोणाला म्हणतं, ती वस्तू तिथे काय करते, आणि लगेच पुढे काय घडतं. चौथा रकाना गाळायचा मोह होतो, पण अर्थ तिथेच असतो. कार्ड कोणाचं करायचं यासाठी मी दोन अटी ठेवल्या. वस्तू निदान तीन अंकांत यायला हवी, आणि त्यातल्या एका ठिकाणी ती उपमा म्हणून नव्हे तर घटनेचा भाग म्हणून यायला हवी. या अटींमुळे चंद्रासारख्या नुसत्या उपमा गळून गेल्या. त्या सुंदर आहेत, पण त्या काळच्या सगळ्याच काव्यात आहेत. त्यांच्यावर लिहिलेलं या नाटकावर लिहिलेलं ठरत नाही.

हरणाचं कार्ड असं झालं. पहिल्या अंकात राजा रथातून हरणाच्या मागे आहे. ते मान वळवून मागे पाहतंय, धापेने उघड्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ गळतायत. तपस्वी आडवे येतात आणि आश्रमाचं हरीण मारू नये म्हणून सांगतात. दुसऱ्या अंकात राजा शिकार थांबवतो. जिने प्रियेला मुग्ध पाहणं शिकवलं त्या जातीवर बाण सोडवत नाही, हे त्याचं कारण. चौथ्या अंकात निघालेल्या शकुंतलेचं वस्त्र एक पाडस मागून ओढतं. कुशाच्या टोकाने तोंडाला झालेल्या जखमेवर तिने त्याला इंगुदीचं तेल लावलेलं आहे. पाचव्या अंकात, बोटात अंगठी नाही हे कळल्यावर, ती राजाला आठवण करून देते ती दीर्घापांग या पाडसाची: त्याने राजाच्या हातचं पाणी घेतलं नाही, तिच्या हातचं घेतलं, आणि तेव्हा राजा हसून म्हणाला होता की तुम्ही दोघंही रानातलेच, आपल्या माणसावरच विश्वास बसतो. सहाव्या अंकात राजा तिचं चित्र काढतोय. त्यात अजून काय हवं हे सांगताना तो म्हणतो, वल्कलं वाळत घातलेल्या झाडाखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी काढायची आहे.

सगळ्या नोंदी एकाखाली एक आल्या तेव्हा शेवटच्या नोंदीचं वजन कळलं. शिंग हे हत्यार आहे आणि डोळा हा शरीरातला सर्वांत नाजूक भाग. ज्या माणसाच्या बाणापुढे हरीण पळत होतं, ज्याच्या हातचं पाणी पाडसाने नाकारलं, तोच आता पूर्ण विश्वासाचं चित्र काढू पाहतोय, आणि तेही अजून काढायचं राहिलंय. हे एकट्या सहाव्या अंकातून दिसत नाही. 'हरीण म्हणजे निरागसता' असा अर्थ आधीच ठरवून ठेवला तर मुळीच दिसत नाही. प्रतिमांच्या विश्लेषणातली सर्वांत नेहमीची चूक हीच: प्रतिमेचा कोश करायचा, भुंगा म्हणजे प्रियकर, कमळ म्हणजे स्त्री, आणि पुढे वाचणं थांबवायचं. एका जागी प्रतिमेचा अर्थ काय हा प्रश्न कमी कामाचा आहे. मागच्या वेळेपेक्षा या वेळी काय बदललं, हे विचारावं.

भुंग्याचं तसंच. पहिल्या अंकात तो शकुंतलेभोवती घोंगावतो आणि आडून पाहणाऱ्या राजाला त्याचा हेवा वाटतो. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला राजाची राणी हंसपदिका पडद्याआड गाते: आंब्याच्या मोहोराला चुंबून गेलेला भुंगा आता कमळात रमला, मोहोराला विसरला कसा? त्याच अंकात शकुंतला समोर उभी असताना राजा स्वतःच्या मनाची अवस्था सांगतो ती पहाटे आत दंव साठलेल्या कुंदाच्या फुलाजवळच्या भुंग्यासारखी. रसही घेता येत नाही, सोडवतही नाही. सहाव्या अंकात तो चित्रातल्या भुंग्याला खरा समजून दरडावतो. विदूषकाने हे चित्र आहे असं सांगितल्यावर तो भानावर येतो आणि विदूषकावरच रुसतो. प्रत्यक्ष उभी असलेली स्त्री त्याला ओळखता येत नाही आणि रंगवलेली मात्र खरी वाटते. या दोन अंकांची कार्डं शेजारी ठेवली नाहीत तर हा विरोध हातचा जातो.

तिसरं वाचन पात्रांसाठी, आणि इथे मी गुणांची यादी करायचं टाळलं. 'शकुंतला कोमल, लाजरी, निसर्गप्रेमी' या यादीत पाचव्या अंकातली शकुंतला बसतच नाही. तिथे ती भर दरबारात राजाला 'अनार्य' म्हणते आणि गवताने झाकलेल्या विहिरीची उपमा देते. यादी त्या जागी तुटते, आणि तुटते तिथूनच पात्र सुरू होतं. म्हणून प्रत्येक पात्रासाठी तीनच गोष्टी लिहिल्या: ते काय करतं, इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात, आणि या दोन्हींत कुठे अंतर पडतं.

अनसूया आणि प्रियंवदा यांना 'दोन सख्या' म्हणून एकत्र बांधणं ही अशीच चूक. दोघींची वाक्यं वेगवेगळ्या कागदांवर उतरवली की फरक डोळ्यांसमोर येतो. राजांना अनेक राण्या असतात, आमच्या सखीची काळजी घ्या, हे सांगणारी अनसूया आहे. चौथ्या अंकाच्या आरंभी राजाला आठवण राहील का ही शंकाही तिचीच. थट्टा करणारी आणि दुर्वासाच्या मागे जाऊन उ:शाप मिळवणारी प्रियंवदा. एकीला धोका आधी दिसतो, दुसरी तो आल्यावर धावते.

भाषेकडेही इथेच पाहावं. राजा, कण्व, शिष्य संस्कृत बोलतात. शकुंतला, सख्या, विदूषक प्राकृत बोलतात. भाषांतरात हा फरक बहुतेक पुसला जातो, म्हणून कागदाच्या समासात सं. किंवा प्रा. अशी खूण करत गेलो. दरबारात शकुंतला स्वतःची बाजू प्राकृतात मांडते आणि तिला उत्तर संस्कृतात मिळतं. तिच्या एकटेपणाबद्दल वेगळी विशेषणं लावायची गरज उरत नाही.

यानंतरचा तक्ता मला सर्वांत उपयोगी पडला: कोणाला काय माहीत आहे. सात अंकांच्या सात ओळी, आणि शकुंतला, राजा, सख्या, विदूषक व प्रेक्षक असे पाच रकाने. शाप सख्या ऐकतात आणि प्रेक्षक ऐकतात. शकुंतला ऐकत नाही. निघताना तिला फक्त एवढंच सांगितलं जातं की राजाने ओळखलं नाही तर अंगठी दाखव. विदूषकाला प्रेमाची हकीकत दुसऱ्या अंकात कळते, पण ते सगळं गमतीचं होतं असं सांगून राजा त्याला राजधानीत परत पाठवतो. पाचव्या अंकात तो नेमका दरबारात नाही, हंसपदिकेची समजूत काढायला गेलेला आहे. अंगठी पाहून राजाला सारं आठवतं, पण आपण का विसरलो हे त्याला सातव्या अंकात मारीच ऋषींच्या तोंडून कळतं, आणि शकुंतलेलाही तेव्हाच.

या तक्त्यामुळे 'दुष्यंत दोषी की निर्दोष' हा वाद सैल पडला. पाचव्या अंकात तो खोटं बोलत नाही, हे नक्की. पण शाप नसता तर तो विसरलाच नसता, असं म्हणायला हंसपदिका आड येते. ती त्याचीच उपेक्षित राणी आहे आणि तिचा टोमणा त्यालाही कळतो. तिला कुणाचा शाप नाही. विसरणं शापाने आणलं असलं, तरी विसरण्याची जागा आधीपासून होती. मी या मताला येऊन ठाम झालो ते कार्ड आणि तक्ता एकत्र ठेवल्यावर.

मूळ कथेशी तुलना चौथ्या वाचनाच्या आधी करावी, फार लवकर नाही. महाभारताच्या आदिपर्वात शाप नाही आणि अंगठीही नाही. तिथे शकुंतला आधीच अट घालते की माझा मुलगा राजा होईल, आणि दुष्यंत ओळखूनही लोकांच्या भयाने नाकारतो. शेवटी आकाशवाणी साक्ष देते. तुलनेतून 'कालिदासाने नायकाला वाचवलं' एवढंच उचलून थांबणारे लेख पुष्कळ आहेत. त्यापेक्षा, आकाशवाणीच्या जागी अंगठी आल्याने काय झालं, हे पाहावं. साक्ष वरून येत होती, ती आता एका लहानशा वस्तूवर आली, आणि वस्तू हरवते.

चौथं वाचन आशयसूत्रासाठी. सूत्र एका शब्दात लिहायचं नाही. 'स्मृती' हा विषय झाला. सूत्र पूर्ण वाक्यात यायला हवं, ज्याला कुणी 'नाही' म्हणू शकेल. माझं पहिलं वाक्य होतं: खुणेशिवाय प्रेम सिद्ध होत नाही. पुरावा भरपूर मिळाला. नावातच 'अभिज्ञान', म्हणजे ओळखीची खूण, आहे. पहिल्या अंकातच अंगठी येते, आणि ही जागा सहज सुटते. झाडांना पाणी घालण्याचं शकुंतलेचं ऋण फेडायला राजा आपली अंगठी देऊ करतो आणि प्रियंवदा म्हणते, ही बोटापासून दूर व्हायला नको. सहाव्या अंकात कळतं की निघताना त्याने सांगितलं होतं, अंगठीवरच्या माझ्या नावाचं रोज एक अक्षर मोज, मोजून संपेपर्यंत तुला न्यायला माणूस येईल.

मग विरुद्ध पुरावा शोधायला बसलो. ही पायरी वगळली की लेख आपल्याच मताची वकिली होतो. निदान एक तरी जागा अशी शोधायची जी आपल्या वाक्याला नाकारते. ती सातव्या अंकात मिळाली. राजा अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो तेव्हा शकुंतला म्हणते, माझा हिच्यावर विश्वास नाही, आर्यपुत्रांनीच ती स्वतःच्या बोटात घालावी. आणि त्याआधीच तिने त्याला ओळखलेलं आहे, पश्चात्तापाने उतरलेल्या चेहऱ्यामुळे क्षणभर शंका येऊनही, कोणतीही खूण न पाहता. माझं वाक्य इथे कोसळलं. ते असं बदललं: खूण राजाला लागते, शकुंतलेला लागत नाही, आणि नाटक शेवटी खुणेची जबाबदारी विसरणाऱ्याच्या बोटात ठेवतं. पाडसाने राजाच्या हातचं पाणी नाकारलं होतं ती नोंद आता आपोआप जागेवर बसली.

लेख उतरवताना क्रम उलटा केला. सुधारलेलं वाक्य आधी, मग हरीण, मग ज्ञानाचा तक्ता, शेवटी अंगठी. प्रत्येक उताऱ्याला कथा सांगणारी दोनच वाक्यं आणि अर्थ सांगणारी निदान चार, हे प्रमाण पाळलं. हे उलटलं की कथासार होतं. सिंहाच्या छाव्याचं कार्ड मात्र लेखाबाहेर ठेवलं. छावा एकाच अंकात येतो, माझ्या अटीत बसत नाही. पहिल्या अंकातल्या शिकाऱ्याचा मुलगा शेवटच्या अंकात जनावराशी हाताने झुंजतो, बाणाने नव्हे, एवढी एक ओळ त्या कार्डावर आहे आणि पुढचा रकाना रिकामा आहे.